नाकाडी आणि दोन साडू

अवजड वाहतुकीच्या त्या यार्डात त्याला सगळे पैलवान म्हणत. कुस्तीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. दंड मात्र पैलवानाचे होते, आणि ते त्याला व्यायामानं नाही, नाकाडीच्या स्टिअरिंगनं दिले होते.

नाकाडी ही यार्डातली सगळ्यात जुनी डिझेल गाडी. हल्लीच्या ट्रकांची तोंडं भिंतीसारखी सपाट असतात. हिचं इंजिन ड्रायव्हरच्या पुढ्यात, लांबलचक बॉनेटखाली. म्हणून नाव नाकाडी. वळणावर ड्रायव्हर अजून सरळ रस्त्यातच असायचा आणि गाडीचं नाक तोवर कोपऱ्यापलीकडचं बघून घ्यायचं. समोरची काच दोन तुकड्यांची, मधे लोखंडी पट्टी. स्टिअरिंग मोठ्या परातीएवढं, आणि ते फिरवायचं तर खांद्याच्या जोरावर, दुसरी कसली मदत नाही. गिअरबॉक्स तर जुन्या वळणाच्या सासूसारखा. क्लच दाबून गिअर सोडवायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा वेग उतरेपर्यंत वाट बघायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग पुढचा गिअर टाकायचा. जरा घाई केली की आत दातावर दात घासून असा कर्कश आवाज निघायचा की रस्त्यानं जाणारा माणूस थबकून बघायचा.

पैलवानानं ही गाडी अर्ध्या आयुष्यभर चालवली. कारखान्यांचे बॉयलर, पुलाच्या लोखंडी तुळया, एकदा तर आख्खी क्रेन तिच्या पाठीवर वाहिली. आणि जितकी वर्षं चालवली तितकी वर्षं तिच्या नावानं बोटं मोडली. "माझी पाठ खाल्ली हिनं," तो म्हणायचा. उन्हाळ्यात केबिनमध्ये पाय भाजायचे, थंडीत दाराच्या फटीतून वारा यायचा. सासुरवाडीला जेवायला बसलं की पहिला घास तोंडात जाण्याआधी नाकाडीची तक्रार ताटात यायची. ऐकणाऱ्यांना ती पाठ झाली होती. मेहुणी तर कधीकधी पुढचं वाक्य आधीच म्हणून दाखवायची.

मग यार्डात नवी गाडी आली. पांढरीशुभ्र, थंडगार केबिन, एका बोटानं फिरणारं स्टिअरिंग, आपले आपण पडणारे गिअर. सीट अशी की बसलं की फुस्स करून खाली यायची आणि अंग सावरून घ्यायची. पैलवान तडक मालकीणबाईंच्या ऑफिसात गेला.

"बाई, सगळ्यात जुना ड्रायव्हर कोण?"

"तुम्हीच."

"मग नवी गाडी कुणाची?"

बाई हसल्या आणि किल्ली पुढं सरकवली. नाकाडी मागच्या भिंतीशी नेऊन उभी करण्यात आली. पैलवानानंच उभी केली. आपला टॉवेल, आरसा, पाण्याची बाटली काढून घेतली, किल्ली टेबलाच्या खणात टाकली आणि मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. मालकीणबाईंनी तिला भंगारात दिलं नाही एवढंच. ती त्यांच्या वडिलांनी घेतलेली पहिली गाडी होती.

नव्या गाडीत पैलवानाचे दिवस सुखाचे गेले. गाडीच्या आत एक बाई राहायची, म्हणजे तिचा आवाज राहायचा. "कृपया सीट बेल्ट लावा." "कृपया विश्रांती घ्या." पैलवान तिला "हो बाई, हो" म्हणून उत्तरं द्यायचा. पाठ दुखायची थांबली. शर्टाच्या बाह्या हळूहळू सैल व्हायला लागल्या. त्याच्या बायकोच्या ते आधी लक्षात आलं.

आता साडूचं सांगायला हवं. पैलवानाच्या बायकोची धाकटी बहीण ज्याला दिली होती तो पावाची गाडी चालवायचा. त्याचं टोपणनाव सावकाश. जेवायचा सावकाश, बोलायचा सावकाश, दार असं लावायचा की घरात कुणी आलं की गेलं तेच कळू नये. कुणी घाई केली की म्हणायचा, "सावकाश, सावकाश." बेकरीतून निघालेला पाव सगळ्या दुकानांत पोचवून हा परत यायचा तोवर इतर गाड्यांचे ड्रायव्हर आंघोळ करून झोपलेले असायचे. पण त्याच्या गाडीतला एकही पाव कधी चेपला नाही, हेही खरं.

बेकरी बंद पडली तेव्हा पैलवानाच्या बायकोनं नवऱ्यामागं भुणभुण लावली. "जरा शब्द टाका की तुमच्या बाईंकडं. माझी बहीण आहे हो."

पैलवानानं शब्द टाकला. आपण शब्द टाकला हे चार लोकांना कळेल अशा बेतानं टाकला. साडूला खांद्यावर हात ठेवून यार्ड दाखवलं, नव्या गाडीच्या सीटवर बसवून फुस्स करून दाखवलं. सावकाश म्हणाला, "छान आहे, दादा." पण त्याची नजर काचेतून मागच्या भिंतीकडं होती.

मालकीणबाईंनी त्याला विचारलं, "तुम्हाला देण्यासारखी गाडी सध्या रिकामी नाही. थोडे दिवस क्रेनवाल्यांच्या हाताखाली थांबाल?"

"ती मागची आहे ना," सावकाश म्हणाला.

ऑफिसात बसलेले सगळे हसले. पैलवान सगळ्यांत मोठ्यानं हसला. "अरे, तिच्यात उंदरांनी संसार थाटलाय. मी तिला ओळखतो. ती आता हलत नाही."

"बघतो," सावकाश म्हणाला.

"चालली तर चालवा," बाई म्हणाल्या.

त्यानंतर क्रेनचं काम संपलं की सावकाश मागच्या भिंतीकडं जायचा. रेडिएटरच्या जाळीत गांधीलमाश्यांचं पोळं होतं. माश्या उडून जायची वाट बघत त्यानं ते तसंच ठेवलं आणि तोवर ब्रेक उघडले. चाकांचे ड्रम गंजून धरले होते. बॅटरी मेलेली, रबरी पाइप बोटानं दाबले की तुकडे पडत. तो एकेक भाग सोडवायचा, डिझेलमध्ये धुवायचा, फडक्यावर ओळीनं मांडायचा आणि त्याच्याकडं बघत बसायचा. पैलवान नव्या गाडीतून उतरून जाता जाता म्हणायचा, "काय साडूभाऊ, आज काय पुसलं?" आणि सावकाश खरंच सांगायचा, आज काय पुसलं ते. टोमणा त्याला लागतच नसे, मग मारणाऱ्याची काय मजा?

तरी पैलवान निर्धास्त होता. नाकाडी चालू होणं शक्य नाही, हे त्यानं स्वतःला पटवून ठेवलं होतं.

एका सकाळी तो फाटकातून बाहेर पडत होता. काचा बंद, केबिन थंड, आतली बाई सीट बेल्टचं सांगत होती. आणि त्याला ते जाणवलं. आधी ऐकू आलं नाही, आधी तळपायाला जाणवलं. मग छातीला. सहा सिलिंडर एकामागून एक जागे होत होते, एखादा चुकत होता, खोकत होता, पुन्हा लयीत येत होता. पैलवानानं काच खाली केली. मागच्या भिंतीवर काळ्या धुराचा लोट चढला, मग तो करडा झाला, मग दिसेनासा झाला. आणि मग ती तो आवाज काढू लागली, जो तिचा स्वतःचा होता. इतका सावकाश, इतका जड, की दोन ठोक्यांच्या मधे माणसानं एक श्वास घ्यावा.

पैलवानाच्या मनात पहिल्यांदा काय आलं? आनंद नाही. नवलही नाही. "माझी," असं आलं. आणि लगोलग पोटात असं काही पिळवटलं की त्याला वाटलं सकाळचं खाणं बाधलं.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. त्यानं काच वर घेतली. "कृपया सीट बेल्ट लावा," बाई म्हणाली.

"गप बस," पैलवान म्हणाला.

मालकीणबाईंनी नाकाडीला जवळपासची कामं दिली. कारखान्यातून लोखंड उचलायचं, रेल्वेच्या मालधक्क्यावर पोचवायचं. वेगाचं काम नव्हतं, आणि वेगाची सावकाशला हौस नव्हती. त्यानं तिला गडद हिरवा रंग दिला, चाकांच्या मधल्या गोलांना पिवळा. पितळेच्या खटक्यांवरचा काळेपणा घासून काढला. पैलवानाला इतकी वर्षं ते खटके लोखंडाचेच वाटत होते.

आणि मग लोकांचं कौतुक सुरू झालं. फाटकावरचा राखणदार, जो पैलवानाच्या नव्या गाडीला बसल्या जागेवरून हात हलवायचा, तो नाकाडी आली की खुर्ची सोडून उठायचा. मालधक्क्यावरचे हमाल चहाचे कप हातात घेऊन बाहेर यायचे. रस्त्याकडेच्या शाळेतली मुलं कुंपणाला लटकून "हॉर्न! हॉर्न!" ओरडायची, आणि सावकाश तो भसाडा हॉर्न वाजवायचा. पैलवानानं एकदा त्याच शाळेपाशी आपला हॉर्न वाजवून बघितला. एका मुलानं वर बघितलं आणि पुन्हा खाली मान घालून बुटाची लेस बांधायला लागला.

हे सगळं पैलवानाला खुपत होतं, पण कुणाला सांगणार? सांगायचं तर काय सांगायचं? जिला त्यानं आपल्या हातानं भिंतीशी नेऊन उभी केली, ती दुसऱ्यानं चालू केली, एवढीच तक्रार होती. मग तो आडवाटेनं बोलायचा. "एवढा रंग काय कामाचा?" "स्प्रिंगचे पाटे आवाज करतायत बरं का मागचे." "उतारावर जपून, ब्रेकचा भरवसा नाही." सावकाश प्रत्येक वेळी मान डोलवायचा, दुसऱ्या दिवशी मागचे पाटे तपासून ग्रीस करायचा आणि येऊन म्हणायचा, "बरं झालं सांगितलंत, दादा." आपल्याच टोमण्यानं गाडी आणखी चांगली व्हायला लागली, तसे पैलवानानं टोमणेही बंद केले.

रविवारी सासुरवाडीला जेवणं व्हायची. आता तिथं नाकाडीचं नाव निघालं की सगळे सावकाशकडं बघायचे. सासऱ्यांनी विचारावं, "काय म्हणते आमची नाकाडी?" आमची! इतकी वर्षं ते पैलवानाची तक्रार ऐकून फक्त "हूं" करत आले होते. सासूबाई सावकाशच्या ताटात वाढताना म्हणायच्या, "जावईबापू, घ्या हो, केवढं अंगमेहनतीचं काम." पैलवानानं आपलं ताट जरा पुढं सरकवलं. सासूबाईंना ते दिसलं नाही.

"तुम्हाला काय, आरामाची गाडी," मेहुणी हसून म्हणाली. "भाऊजी, तुमचे दंड पण उतरले की."

सगळे हसले. पैलवानही हसला, आणि त्यानं बाही खाली ओढली. सावकाशच्या बाह्या तेव्हा कोपराच्या वर दुमडलेल्या होत्या, आणि त्यांच्या शिवणीला ताण पडलेला होता.

त्या हिवाळ्यात एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मैदानात जुन्या अवजड ट्रकांचा मेळावा भरणार होता. मालकीणबाईंनी नाकाडी पाठवायची ठरवली. सावकाश म्हणाला, केबिनमध्ये मागं बाक आहे, दोघी बहिणी पण येतील. पैलवानाला जायचं नव्हतं. पण "का नाही?" या प्रश्नाला सांगता येईल असं उत्तर त्याच्याकडं नव्हतं, म्हणून तो गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो नाकाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसला. तिथून बॉनेट वेगळंच दिसत होतं, जरा वाकडं. हात कुठं ठेवावेत हे त्याला वाटभर कळलं नाही.

मैदान पाहून मात्र तो स्वतःला विसरला. रांगेनं उभ्या होत्या, सगळ्या त्याच्या तरुणपणीच्या गाड्या. लाकूड वाहणाऱ्या, दगडाच्या खाणीतल्या, एक तर आगीच्या बंबाचं अंग घेतलेली. कुठं बॉनेट उघडून लोक आत वाकलेले, कुठं नुसतं इंजिन चालू ठेवून चारपाच म्हातारे डोळे मिटून ऐकत उभे. कुणी कुणाला घाई करत नव्हतं. पैलवानानं एका निळ्या गाडीच्या चाकावर हात ठेवला आणि तिच्या मालकाशी इंजेक्टरवर असा बोलत राहिला की बायकोला दोनदा हाक मारावी लागली.

हाक मारायचं कारण असं की नाकाडीभोवती गर्दी जमली होती. मेळावा भरवणारा एक उंच म्हातारा सावकाशला विचारत होता, "एवढी वर्षं ही टिकली कशी? चालवत कोण होतं आधी?"

सावकाशनं गर्दीतून पैलवानाकडं हात केला. "हे काय, आमचे दादा. अर्धं आयुष्य यांच्याच हाताखाली गेलं तिचं. मी काय, आत्ता आलो."

सगळ्या माना वळल्या. म्हातारा म्हणाला, "मग एक फेरी तुमच्या हातची होऊ द्या!"

पैलवान वर चढला. त्याला वाटलं, आता दाखवतो. सीट साडूच्या मापानं मागं सरकवलेली होती. ती पुढं घ्यायला त्याला खाली वाकून खटका शोधावा लागला. इंजिन एका हाकेत चालू झालं. पहिला गिअर पडला. दुसराही पडला. गर्दी दोन्ही बाजूंना हटली, कुणी टाळ्या वाजवल्या. पैलवानानं क्लच दाबला, गिअर सोडवला, क्लच सोडला, आणि थांबला नाही. नव्या गाडीनं त्याची थांबायची सवयच मोडून टाकली होती. त्यानं तिसरा लोटला.

तो आवाज मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेला. पत्र्यावर करवत चालवावी तसा. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. गाडी गचके खात थांबली आणि बंद पडली. एका लहान मुलीनं दोन्ही कान झाकले होते. आणि ते डोळे मिटून ऐकणारे म्हातारे, त्यांनी काय करावं? त्यांनी हळूच दुसरीकडं तोंडं फिरवली. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

पैलवान खाली उतरला. त्याचे कान तापले होते. आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गिअरबॉक्सची वाट लावलीय यानं. माझ्या हातात होती तेव्हा असं नव्हतं."

सावकाशनं त्याच्याकडं बघितलं. मग गर्दीकडं बघून म्हणाला, "हो, त्रास देतो तो थोडा अलीकडं. उघडून बघायचाय."

पैलवानाला हे साडूचं सांभाळून घेणं अपमानापेक्षा जास्त झोंबलं.

परतीचा रस्ता त्याला जन्मभर आठवणार होता. दोघी बहिणी मागं, तो शेजारी, सावकाश स्टिअरिंगवर. वाटेत चढ होते, वळणं होती, एक बाजारपेठ होती, दर थोड्या वेळानं गिअर बदलावा लागत होता. क्लच, मोकळा, थांबणं, क्लच, गिअर. प्रत्येक गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. एकदाही कुरकुर नाही. केबिनमधल्या चारही माणसांना माहीत होतं की गिअरबॉक्सला काही झालेलं नाही, आणि चौघंही गप्प होती. मेहुणीनं एकदा "रस्ता चांगला केलाय हो," असं म्हणून बघितलं. पैलवान मनात म्हणत होता, एकदा तरी चूक रे. एकदा तरी घास. सावकाश चुकला नाही. तो चुकूच शकत नव्हता, कारण त्या गिअरबॉक्सला जे लागत होतं ते त्याच्याकडं जन्मतःच होतं, त्याला थांबता येत होतं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "माझ्या बहिणीच्या नवऱ्यावर तुम्ही चार लोकांत खोटा आळ घातलात."

"मला माहीत आहे."

"मग उद्या त्याला तसं म्हणा."

"आणि गाडी? ती माझी होती."

"तुमची होती तेव्हा रोज शिव्या देत होता," ती म्हणाली. "मी तुमच्या पाठीला मलम लावून लावून कंटाळले, आणि तुम्ही तिला शिव्या देऊन थकला नाहीत. आता कसली माझी?"

पैलवानाचं डोकं मात्र वेगळ्याच दिशेला धावत होतं. दुसऱ्या दिवशी तो मालकीणबाईंच्या ऑफिसात उभा राहिला.

"बाई, नवी गाडी साडूला द्या. मला नाकाडी द्या."

बाईंनी चष्मा काढला. "लोक उलटं मागतात, पैलवान."

"मला पाठीचं काही नाही आता."

"माझी ना नाही," बाई म्हणाल्या. "पण ती त्यानं उभी केलीय. त्याला विचारा. तो हो म्हणाला तर माझं हो."

विचारणं हे सोपं काम नव्हतं. पैलवानानं ते कितीतरी दिवस पुढं ढकललं. शेवटी एका दुपारी, सावकाश मालधक्क्यावरून परतून चाकांचे नट तपासत होता तेव्हा, तो त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला. आधी त्यानं खोट्याचं उरकून घेतलं.

"त्या दिवशी मी बोललो ते खोटं होतं. गिअरबॉक्स ठीक आहे."

"हो, दादा."

"मीच चुकलो गिअर टाकताना."

"हो."

पैलवानाला वाटलं होतं, तो म्हणेल, असू द्या, होतं असं. सावकाश तसं म्हणाला नाही. मग पैलवानानं एका दमात सगळं सांगून टाकलं. नवी गाडी तू घे, थंड केबिन आहे, पगार तोच, बाई हो म्हणाल्यात, मला ही दे.

सावकाशनं पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले. बोटाबोटामधलं ग्रीस काढलं. पैलवानाला वाटलं, हा आता हो म्हणणार. हा कुणाला नाही म्हणालाच नाही कधी.

"नाही, दादा," सावकाश म्हणाला.

"अरे, मी..."

"नाही. मागू नका."

"मी शब्द टाकला म्हणून तू इथं आहेस."

"ते मी विसरलो नाही. माझ्या घरातलं दुसरं काहीही मागा." आणि मग त्या सावकाश माणसाचा आवाज चढला, पैलवानानं तो तसा कधीच ऐकला नव्हता. "मी पावाची गाडी घेऊन चौकात उभा असायचो. तुम्ही हिला घेऊन समोरून जायचात. आधी नाक यायचं, मग तुम्ही. माझ्या गाडीतले पावाचे ट्रे थरथरायचे. मी हात करायचो. तुम्ही बघायचातसुद्धा नाही, कपाळाला आठ्या घालून बसलेले असायचात. आणि रविवारी जेवताना तुम्ही तिला शिव्या घालायचात, सगळे हसायचे, आणि मला घास उतरायचा नाही. वाटायचं, उठावं आणि तुमच्या थोबाडीत द्यावी."

"माझ्या?"

"तुमच्या. इतकी वर्षं."

पैलवान बघत राहिला. हा गरीब, मान डोलावणारा, पाव पोचवणारा साडू इतकी वर्षं आपल्या ताटासमोर बसून आपल्यावर जळत होता, आणि आपल्याला पत्ताही नव्हता. आपण मात्र आजपर्यंत समजत होतो की पोटदुखी फक्त आपलीच.

"बोलला नाहीस कधी."

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

मग सावकाश पुन्हा खाली बसला आणि पाना उचलला. "रविवारी सकाळी मी हिला रिकामी फिरवून आणतो," तो मान वर न करता म्हणाला. "यायचं तर या. शेजारी बसायला."

"शेजारी बसायला मी काय..." पैलवान म्हणाला आणि निघून गेला.

त्यानं त्या रविवारी गाडी धुतली, म्हणजे नवी. पुढच्या रविवारी घराचा नळ दुरुस्त केला, जो गळत नव्हता. बायकोनं ते बघितलं आणि म्हणाली, "उद्या काय, छप्पर बदलताय?" एका रविवारी तो यार्डात चष्मा विसरलाय असं सांगून निघाला. चष्मा त्याच्या खिशात होता.

सावकाश इंजिन गरम करत बसला होता. त्यानं काही विचारलं नाही, वाकून पलीकडचं दार उघडलं. पैलवान चढला. शहराबाहेरच्या रस्त्यानं ते निघाले. हवा कोरडी होती, बॉनेटवरून उन्हाची एक पट्टी पुढंमागं सरकत होती. पैलवानाच्या पोटात दुखतच होतं. साडूचे हात त्या स्टिअरिंगवर बघणं त्याला सोपं गेलं नाही, आणि पुढंही कधी गेलं नाही. तो दर रविवारी जायला लागला तेव्हाही नाही.

लांब चढ लागला. इंजिनाचा आवाज खाली खाली यायला लागला, आता खालचा गिअर घ्यायची वेळ झाली होती. पैलवानाचा डावा पाय आपोआप उठला आणि जिथं क्लच नव्हता तिथं, पत्र्यावर, धाडकन दाबला गेला. सावकाशचा पाय त्यानंतर क्षणभरानं पडला. गिअर गेला. नाकाडीनं दम धरला आणि चढायला लागली.

सावकाशनं त्याच्या पायाकडं बघितलं. "आधी दाबलात, दादा. घासला असता."

"तू उशीर केलास. इंजिन मरत होतं."

"मरत नव्हतं. ती तिथं जरा विचार करते."

"विचार करते! मला शिकवतोस? हा चढ मी हिच्यावर बॉयलर लादून चढलोय."

"आणि तेव्हा तिच्या गिअरचे दात कुणी झिजवले? गिअरबॉक्स उघडला तेव्हा बघितलेत मी."

"कुठले दात?"

"तिसऱ्याचे."

"तिसऱ्याचे आधीपासून तसेच होते!"

चढ संपला, सपाट रस्ता लागला, मग उतार लागला, आणि दोघं तिसऱ्या गिअरच्या दातांवरून पार यार्ड येईपर्यंत भांडत होते.